रातकिड्याचं ताट

परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषासाठी साप पाळण्याची परंपरा जुनी आहे. तिथल्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली, १९२५ साली तिला वाल्देमार हाफकिन यांचं नाव मिळालं आणि पुढे सापाच्या विषावरचा उतारा हेही संस्थेचं मोठं काम झालं. सापाला सांभाळणं जोखमीचं खरं, पण त्याच्या आहारात एक गोष्ट आपोआप जमून येते. साप उंदीर अख्खा गिळतो. मांसाबरोबर हाडं जातात, यकृत जातं, आतड्यातला ऐवजही जातो. हाडांतून कॅल्शियम मिळतं, यकृतातून अ जीवनसत्त्व. निसर्गाने पूर्ण जेवण एका कातड्यात बांधून दिलेलं असतं.

किडे खाणाऱ्या सरड्याला ही सोय नाही. त्याच्यापुढे येतो तो बहुधा रातकिडा, आणि रातकिड्याला हाडं नसतात. त्याचं कवच दिसायला टणक असलं तरी ते कायटिनचं आणि प्रथिनांचं असतं, त्यात कॅल्शियम नाममात्र. मार्क फिन्के या अमेरिकन पोषणतज्ज्ञाने २००२ साली पाळीव प्राण्यांना देण्यासाठी वाढवलेल्या किड्यांची तपशीलवार रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या मोठ्या रातकिड्यात एक भाग कॅल्शियममागे सात भाग फॉस्फरस निघाला. मिलवर्म या पिवळ्या अळीत हेच प्रमाण एकास सोळा-सतरा, तिच्या मोठ्या भावंडात, सुपरवर्ममध्ये, एकास तेरा. सरड्याच्या शरीराला हवं असतं ते याच्या नेमकं उलट: फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम.

हा हिशेब चुकला की काय होतं, ते ज्याने पाहिलं आहे तो विसरत नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागतं, कारण स्नायू आणि हृदय चालू ठेवणं त्याला अधिक तातडीचं. पाळलेल्या शॅमेलिऑनमध्ये, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यात, पहिली खूण पुढच्या पायांत दिसते. फांदी पकडताना कोपराखालचं हाड सरळ राहत नाही, धनुष्यासारखं बाकतं. मग जबडा मऊ पडतो. जीभ फेकून किडा पकडणारा हा प्राणी नेम चुकवू लागतो, पकडलेला किडा चावता येत नाही म्हणून सोडून देतो. बोटं थरथरतात. मालकाला वाटतं, याला भूक नाही. पशुवैद्य या आजाराला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. वेळीच लक्षात आला तर तो थांबवता येतो, पण बाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. सगळ्यात वाईट वाटतं ते याचं की असे बरेच प्राणी रोज पोटभर जेवलेले असतात.

मुंबईत हा छंद वाढतो आहे. १८६९ साली बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, प्राणी-पक्ष्यांच्या भागात पोरंटोरं पहिल्यांदा लाल कानांचं कासव बघतात आणि हट्ट धरतात. तिथून काहीजण परदेशी सरड्यांकडे वळतात: ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला बिअर्डेड ड्रॅगन, येमेनकडचा व्हील्ड शॅमेलिऑन. पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेतो. घोरपड, स्टार कासव, आपल्या रानातला रंग बदलणारा शॅमेलिऑन हे आपले वन्यजीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग कोणी कितीही प्रेमाने सांभाळत असो. परदेशी प्रजातींपैकी ज्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. कागद नसलेला प्राणी विकत घेऊ नका. हे प्रकरण ज्यांच्याकडे कायदेशीररीत्या आलेला किडेखाऊ प्राणी आधीच आहे, त्यांच्यासाठी आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड म्हणजे किड्याचं पोट. रातकिड्याच्या शरीरात कॅल्शियम साठत नाही, पण त्याच्या आतड्यात अन्न असतं आणि ते सरड्याच्या पोटात जसंच्या तसं जातं. म्हणून किडा सरड्यापुढे टाकण्याआधी त्याला नीट जेवू घालायचं. छंदी लोक याला गटलोडिंग म्हणतात. यासाठी परदेशी कंपन्यांची तयार खाद्यं मिळतात, छोट्या डब्याला शेकड्यांनी रुपये पडतात. माझं स्पष्ट मत आहे की गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्या डब्याची गरज नाही. लागणाऱ्या बहुतेक गोष्टी घरापासून दहा मिनिटांच्या आत आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी तर फुकट आहेत.

मात्र त्यासाठी एक भेद पक्का करून घ्यायला हवा. किड्यांची दोन जेवणं असतात. एक रोजचं, ज्यावर ते जगतात, वाढतात, अंडी घालतात. दुसरं शेवटच्या एक-दोन दिवसांचं, जे खरं तर सरड्यासाठी असतं. ही दोन्ही एकच समजण्यात बहुतेकांची गल्लत होते. मेरी अ‍ॅलन आणि ओलाव ऑफ्टेडाल या शास्त्रज्ञांनी १९८९ साली रातकिड्यांच्या आहारातलं कॅल्शियम कमीजास्त करून त्याचा परिणाम अभ्यासला. रातकिड्याचं प्रमाण सरड्याला मानवेल असं करायचं तर त्याच्या कोरड्या खाद्यात सुमारे आठ टक्के कॅल्शियम असावं लागतं. इतकं कॅल्शियम खुद्द रातकिड्याला सोसत नाही. दोन दिवस चालतं, आठवडाभर तेच दिलं तर ते मरायला लागतात. म्हणून एका डब्यात पैदाशीचे किडे, त्यांना साधं जेवण. दुसऱ्या छोट्या डब्यात येत्या दोन दिवसांत लागतील तेवढेच किडे, त्यांना भारी जेवण.

साध्या जेवणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गव्हाचा कोंडा, थोडं डाळीचं पीठ आणि पाण्यासाठी गाजराचा किंवा दुधीचा तुकडा. घरी पोळ्यांची कणीक चाळून घेत असाल तर चाळणीतला कोंडा जपून ठेवा, नाहीतर पशुखाद्याच्या दुकानात तो किलोवर मिळतो. मिलवर्म तर कोंड्यातच राहतात, कोंडाच खातात, तिथेच त्यांचे भुंगे होतात. पाण्याची वाटी कधी ठेवू नये. रातकिड्यांची पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात. राहायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, अंडीवाल्याकडे मागितले तर मिळतात. हवामानाच्या बाबतीत मुंबई आपल्या बाजूची आहे. रातकिड्यांना २८ ते ३२ अंश तापमान मानवतं, आणि वर्षातले बरेच महिने लालबागच्या खोलीत ते असतंच. पुण्या-नाशकात हिवाळ्यात हीटर लावावा लागतो, तो इथे लागत नाही.

चाळीत राहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. रातकिड्याचे नर रात्रभर किर्र करतात आणि भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस-तीस रातकिडे म्हणजे भांडणाला आमंत्रण. तिथे मिलवर्म बरे. आवाज नाही, वास नाही, पलंगाखाली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये राहतात. पण मिलवर्ममध्ये ताज्या वजनाच्या तेरा टक्क्यांच्या आसपास चरबी असते, रातकिड्यात सहा-सात टक्के. शिवाय अंगाच्या मानाने या अळीचं आतडं लहान, त्यामुळे भारी जेवणाचा लाभही रातकिड्याइतका होत नाही. म्हणून रोज नुसते मिलवर्म देणं टाळावं. डुबिया नावाचं दक्षिण अमेरिकेतलं झुरळ गप्प असतं, गुळगुळीत भिंत चढत नाही आणि भारी जेवण पोटभर खातं. पोषणाच्या दृष्टीने ते रातकिड्याच्या तोडीचं. फक्त घरात झुरळं पाळली आहेत हे घरच्यांना आधी सांगून मग आणावं.

आता भारी जेवण, आणि त्यासाठी चला दादरला. पश्चिमेला स्टेशनच्या बाहेर पडलं की सकाळी जिकडेतिकडे भाजीचे ढीग लागलेले असतात. हिवाळ्यात फ्लॉवरचे गाडे असतात. मावशी गड्डा डाव्या हातात धरतात, कोयत्याने देठाला एक फिरकी देतात आणि भोवतालची जाड हिरवी पानं खाली ढिगात पडतात. गिऱ्हाइकाला पांढरा गड्डा मिळतो, पानं दुपारी पालिकेच्या गाडीत जातात. मुळ्याचा पाला अर्धे लोक तिथेच मोडून टाकायला सांगतात. नवलकोलचं तेच. आणि हा पालाच आपल्याला हवा असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले आहेत, घरोघरच्या आहारशास्त्राची ती बाराखडी आहे. त्यातल्या जुन्या, गोपालन यांच्या तक्त्यात शंभर ग्रॅम फ्लॉवरच्या गड्ड्यात ३३ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे आणि त्याच फ्लॉवरच्या पाल्यात ६२६. नवलकोलच्या कांद्यात २०, पाल्यात ७४०. मुळ्याच्या पाल्यात २६५, शेवग्याच्या पाल्यात ४४०, मेथीत ३९५. २०१७ साली आलेल्या नव्या तक्त्यांत मेथी आणि शेवग्याचे आकडे यापेक्षा उतरले आहेत. तपासण्याच्या पद्धती बदलल्या, वाण बदलले, माती बदलली. पण जो भाग आपण विकत घेतो त्यापेक्षा जो टाकतो त्यात कॅल्शियम कितीतरी जास्त, हे खरंच राहिलं.

मागायला संकोच वाटू देऊ नका. "मावशी, हा पाला टाकणार असाल तर मला द्या," म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ससा पाळलायस का?" हो म्हटलं तरी चालतं, पण खरं सांगितलं तर गंमत म्हणून मावशी दुसऱ्या दिवशी आठवणीने बाजूला काढून ठेवतात. ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत, लालबागच्या बाजारात हेच. शेवग्याचं तर झाडच जुन्या चाळींच्या आवारात कुठे ना कुठे उभं असतं, शेंगा सगळे काढतात, पाल्याकडे कोणी बघत नाही. गॅलरीतल्या कुंडीत जास्वंद असेल तर तिचं पानही उत्तम, आणि ते बिअर्डेड ड्रॅगन थेटसुद्धा खातो.

पालेभाजी म्हटली की हात पालकाकडे जातो. तो आवरावा. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला घट्ट बांधून ठेवतं आणि मग ते शरीराला मिळत नाही. चुका, अळू, बीटाचा पाला, लाल माठ याच जातीचे. एखाद्या दिवशी तोंडी लागलं तर काही बिघडत नाही, पण रोजचा भर त्यांच्यावर नको. मेथी, मुळा, नवलकोल, शेवगा यांच्यावर ठेवावा. कोबीवर्गातला पाला रोज एकटाच देऊ नये, आलटून पालटून द्यावा. बटाट्याची चकती ही मुंबईतल्या प्राण्यांच्या दुकानांतली जुनी सवय आहे. बटाट्यातून किड्याला पाणी मिळतं, सरड्याला काही मिळत नाही.

आता फुकट पाल्याची दुसरी बाजू. फ्लॉवरवर किडीसाठी फवारण्या होतात आणि त्या आधी बाहेरच्या पानांवर बसतात. किडे मारण्यासाठी बनवलेलं औषध किड्यांच्याच ताटात गेलं तर काय होणार, हे वेगळं सांगायला नको. बाहेरची दोन पानं टाकून द्यावीत, आतली वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत, तासभर पाण्यात ठेवून पुन्हा धुवावीत. नवा पाला आधी चार-पाच किड्यांना द्यावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं. ते धडधाकट राहिले तरच बाकीच्यांना. दादरच्याच फुलबाजारातला झेंडू मात्र मी कधी वापरू देणार नाही. झेंडूत रंगद्रव्यं चांगली असतात हे खरं, पण ते फूल खाण्यासाठी पिकवलेलं नसतं आणि त्याच्यावर काय काय मारलं आहे याला धरबंध नसतो.

पाल्यात पाणीच ऐंशी टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ६२६ मिलिग्रॅमचा फ्लॉवरचा पाला वाळवून मोजला तर कॅल्शियम तीन टक्के भरतं. आपल्याला हवं आहे आठ. नुसत्या पाल्याने ते होत नाही, म्हणून सोबत कोरडं पीठ लागतं, आणि पिठासाठी नाचणीसारखं धान्य नाही. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० ते ३६५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हात जेमतेम चाळीस-पन्नास, तांदळात दहाच्या आसपास. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या रोजच्या धान्यांत नाचणीतच फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त आहे. गव्हाच्या कोंड्यात नेमकं उलटं, फॉस्फरस ढिगाने आणि कॅल्शियम थोडं. रोजच्या जेवणात कोंडा चालतो, भारी जेवणात चालत नाही, त्याचं कारण हे. कोकणातल्या आजीने बाळाला नाचणीचं सत्त्व भरवलं ते याच बळावर.

तरीही नाचणीच्या पिठात कॅल्शियम एक टक्क्याच्या खालीच राहतं. उरलेलं अंड्याच्या कवचातून येतं. कवच पंच्याण्णव टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे वजनाच्या सुमारे ३८ टक्के शुद्ध कॅल्शियम. हिशेब सोपा आहे. एका अंड्याचं कवच पाच-सहा ग्रॅम भरतं. चार कवचं घेतली तर वीस ग्रॅमच्या आसपास. ती ऐंशी ग्रॅम पिठात मिसळली की शंभर ग्रॅममध्ये साधारण आठ ग्रॅम कॅल्शियम आलं. प्रयोगशाळेने सांगितलेला आकडा स्वयंपाकघरात जुळला.

कवचं धुऊन आतला पातळ पापुद्रा काढावा, दहा मिनिटं उकळावीत, तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कडक होईतो भाजावीत आणि मिक्सरमध्ये फिरवावीत. मग पूड सुती फडक्यातून वस्त्रगाळ करावी. ही पायरी कंटाळवाणी आहे पण तीच महत्त्वाची. रातकिडा चोखंदळ असतो. कवचाचा कण डोळ्याला दिसण्याइतका मोठा राहिला की तो पीठ वेचून खातो आणि कण तसाच सोडतो. पूड इतकी बारीक हवी की पिठापासून ती वेगळी करताच येऊ नये. दोन बोटांत चोळून बघावी, रांगोळीसारखी खरखर लागली तर पुन्हा फिरवावी.

ऐंशी ग्रॅमच्या पिठात पन्नास ग्रॅम नाचणी, पंधरा ग्रॅम सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याची पूड आणि पंधरा ग्रॅम लेअर मॅश घालावं. लेअर मॅश म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतंच, शिवाय अ आणि ड जीवनसत्त्वं मिसळलेली असतात. पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात चौकशी करावी. पिशवीवर औषध मिसळल्याचा उल्लेख असेल तर ते घेऊ नये. मिळालं नाही तर हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घालावं. सालासकट तीळ वाटून चिमूटभर घातले तरी चालतील, तिळात कॅल्शियम भरपूर, पण तेलही भरपूर, म्हणून चिमूटभरच. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळाचा उपयोग नाही, सालाबरोबर कॅल्शियमही गेलेलं असतं.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी समुद्रफेन आहे. म्हाकुळाच्या जातीतल्या प्राण्याच्या पाठीतलं हे पांढरं, हलकं कवच काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं आणि पावसाळ्यानंतर चौपाटीच्या वाळूतही सापडतं. वाळूतलं उचललं तर दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलून, उन्हात कडकडीत वाळवावं. तेही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आणि नखाने खरवडलं तरी पीठ पडतं. पानाला लावायचा चुना मात्र कोणी वापरू नका. त्यातही कॅल्शियम असतं म्हणून काहीजणांना तो सुचतो, पण चुना दाहक आहे. किड्याचं तोंड भाजेल आणि सरड्याचंही.

आता क्रम. सरड्याला रविवारी सकाळी खाऊ घालायचं तर शुक्रवारी रात्री तेवढे किडे छोट्या डब्यात काढावेत. बशीत कोरडं पीठ पातळ पसरावं, बाजूला धुतलेला पाला आणि गाजराची किंवा लाल भोपळ्याची चकती. शनिवारी सकाळी जवळून पाहिलं तर फरक दिसतो. पोटाची वळकटी ताणलेली असते, दोन खंडांमधली फिकट त्वचा उघडी पडते, लहान पिल्लांत तर आतलं हिरवं-काळसर अन्नही दिसतं. रविवारी किडा डब्यातून थेट सरड्यासमोर गेला पाहिजे. काहीजण आदल्या रात्री किडे मोजून रिकाम्या बरणीत काढून ठेवतात. सकाळपर्यंत त्यांचं पोट बरंच रिकामं झालेलं असतं आणि दोन दिवसांची मेहनत बरणीच्या तळाला पडलेली असते.

गाजर आणि लाल भोपळा पाण्यासाठी आहेत तसे रंगासाठीही. किड्यांच्या शरीरात अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच. गाजर, भोपळा, पपई, हिरवा पाला यांतल्या कॅरोटीनपासून काही सरडे ते बनवू शकतात, काहींना ते नीट जमत नाही. शॅमेलिऑनचे डोळे सुजले, कात नीट निघेना, तर घरगुती प्रयोग करत बसू नये. परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम जाणणारा पशुवैद्य शोधायचा तर तिथून चौकशीला सुरुवात करावी. अ आणि ड ही दोन्ही जीवनसत्त्वं शरीरात साठतात, जास्त झाली तर विषारी ठरतात, त्यामुळे मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

भारी जेवणाबरोबर वरून पूडही लावावी लागते. पिशवीत किडे आणि चिमूटभर साधी कॅल्शियमची पूड घालून हलकेच हलवलं की ते पांढरे होतात. पण रातकिडा स्वच्छतेचा भोक्ता आहे. सरड्याने लगेच खाल्लं नाही तर तो पाय चाटून, मिशा ओढून बरीचशी पूड झाडून टाकतो. बाहेरची पूड आणि आतलं जेवण, दोन्ही लागतात.

जून लागला की सगळं गणित दमट हवेवर येतं. कोंड्याला बुरशी धरते, पिठात डोळ्याला जेमतेम दिसणारे कोळ्याच्या जातीचे जीव होतात, रातकिड्यांच्या डब्यात अमोनियाचा वास भरतो आणि एका रात्रीत निम्मे किडे मरतात. पावसाळ्यात पीठ एकदम फार दळून आणू नये. नाचणीचं पीठ कोरडंच मंद भाजून, गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. पाला सकाळी घातला तर रात्री उरलेला काढून टाकावा. डब्याला वरून प्लास्टिकचं झाकण नको, तारेची बारीक जाळी हवी. ज्यूसवाल्याकडचा गाजराचा चोथा उन्हाळ्यात चांगला, पावसाळ्यात तो चार तासांत आंबतो. शेंगदाण्याची पेंड या दिवसांत अजिबात नको. तिच्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृत खाऊन टाकतं.

पैसे वाचवायचे म्हणून घरातली झुरळं किंवा दिव्याखाली आलेले किडे पकडून देणारेही भेटतात. चाळीतलं झुरळ कोणत्या खोलीतलं औषध चाटून आलं आहे ते कोणाला माहीत? त्याच्या पोटात जंतू आणि जंत असतात ते वेगळेच. तो फुकटचा घास सगळ्यात महाग पडतो. याउलट एक किडा असा आहे की त्याला भारी जेवण लागतच नाही. काळ्या सोल्जर माशीची अळी आपल्या कातडीत कॅल्शियम साठवते, तिच्यात फॉस्फरसच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. मोठ्या सोसायट्यांनी ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करावं, असा आग्रह महापालिकेने २०१७ पासून धरला, तेव्हापासून खताच्या पिंपात या चपट्या, करड्या अळ्या अनेकांनी पाहिल्या आहेत आणि घाबरून सफाईवाल्याला बोलावलं आहे. पिंपातल्या अळ्या मात्र देऊ नयेत, तिथे मासळीपासून खराब झालेल्या औषधांपर्यंत काहीही पडलेलं असतं. घरच्या स्वच्छ भाजीच्या सालांवर झाकणाच्या डब्यात वाढवलेल्या अळ्या चालतील. माझ्या मते मुंबईतल्या किडेखाऊ पाळीव प्राण्यांचं पुढचं स्वस्त अन्न हेच आहे.

उरलेले किडे, मग ते डुबिया असोत की सुपरवर्म, खिडकीबाहेर किंवा पार्कात सोडू नयेत. ते इथले नाहीत. पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवले की शांतपणे मरतात.

आणि एवढं सगळं करूनही एक गोष्ट स्वयंपाकघरात होत नाही. पोटात गेलेलं कॅल्शियम शोषून घ्यायला ड३ जीवनसत्त्व लागतं आणि ते सरड्याच्या कातडीत अतिनील ब किरणांनीच तयार होतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी निकामी, काच ते किरण अडवते. चाळीच्या गॅलरीत सकाळी अर्धा तास उघडं ऊन मिळत असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, कावळ्या-घारींपासून जपत ते जरूर द्या. गॅलरी नसेल तर परदेशी खाद्याच्या डब्याचे वाचलेले पैसे हेच किरण देणाऱ्या यूव्हीबी नळीत घाला. आणि बसवलेल्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहून ठेवा, कारण नळी उजेड देत राहते तरी सहा महिने ते वर्षभरात तिच्यातले ते किरण संपलेले असतात.